तिरफळ लावा, पण जागा आणि रोप पारखून: उद्यान खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि वृक्ष प्राधिकरणाचे सर्व सदस्य

विषय: महापालिकेच्या लागवडीत तिरफळाचा समावेश आणि त्यासाठी घ्यायची काळजी

महोदय,

गिरगावापासून भांडुपापर्यंत बांगड्याच्या तिखल्यात जे तिरफळ पडतं, त्याचं झाड मुंबईत लावावं, अशी आमची मागणी आहे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत आणि दादरच्या कोकणी मालाच्या गाळ्यांवर वाळलेलं तिरफळ मिळतं. ते येतं सिंधुदुर्गातून आणि गोव्याकडून. झाड आपल्याच कोकणपट्टीतलं, सह्याद्रीच्या उतारावरचं. तरीही शहरातल्या लागवडीच्या याद्या निघतात तेव्हा बहुधा बहावा, ताम्हण, करंज, बकुळ यांच्यावरच गाडी थांबते. ही झाडं चांगलीच आहेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण लिंबू कुळातल्या जंगली झाडांना यादीत जागा हवी आणि त्यांत तिरफळाचा मान पहिला.

मागणी एवढीच असती तर दोन ओळींचा अर्ज पुरला असता. हे पत्र लांबलं, कारण घाईने लावलेलं तिरफळ हमखास फसतं आणि मग "ते मुंबईत येत नाही" असा शेरा कायमचा चिकटतो. ते येतं. त्याला लागणाऱ्या तीन-चार गोष्टी मात्र इतर रोपांपेक्षा वेगळ्या आहेत.

आधी झाडाविषयी. शास्त्रीय नाव झँथोझायलम ऱ्हेट्सा. जंगलात ते 20 ते 25 मीटर उंच जातं. कोवळ्या फांद्यांवर बारीक काटे असतात. खोड जुनं होत जातं तशी त्या काट्यांची बुडं जाड, बुचासारखी होतात आणि सबंध खोडावर शंकूच्या आकाराचे उंचवटे दिसतात. पान संयुक्त, त्यात बहुतेक वेळा पंधरा-वीस पर्णिका, प्रत्येकीचं बूड किंचित तिरकं. पर्णिका उजेडासमोर धरली की तेलाच्या ग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात, चुरगाळली की लिंबाच्या सालीचा तीव्र वास येतो. फुलं अगदी बारीक, पिवळसर हिरवी, फांदीच्या शेंड्याला झुपक्यांनी येणारी. पावसाळ्यात फळांचे हिरवे घोस लागतात. पाऊस ओसरला की फळं लालसर तपकिरी होऊन तडकतात आणि आतली काळीभोर चकचकीत बी बाहेर डोकावते. स्वयंपाकात वापरायचं ते वरचं टरफल, बी टाकून द्यायची. जिभेला येणाऱ्या झिणझिण्या हा मिरचीचा तिखटपणा नव्हे. त्या झँथोझायलम गटातल्या झाडांत असणाऱ्या सान्शूल नावाच्या द्रव्यांमुळे येतात. चीनच्या सिचुआन प्रांतातली मिरी आणि हिमालयातला तिमूर ही याच गटातली भावंडं.

आता मुंबईने त्याला जागा का द्यावी? महाराष्ट्राने 2015 साली ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारं हे देशातलं पहिलं राज्य. या फुलपाखराची अळी लिंबू कुळातल्या झाडांवरच वाढते. माकडलिंबू, किरमिरा आणि घरची लिंबं ही तिची मुख्य खाद्यझाडं. केरळाने 2018 मध्ये मलबार बँडेड पीकॉकला हाच मान दिला आणि त्याची अळी तर तिरफळाचीच पानं खाते. ते फुलपाखरू दक्षिण सह्याद्रीतलं आहे, तिरफळ लावलं म्हणून ते पवईला येणार नाही. पण कॉमन मॉर्मनसारखी शेपटीवाली फुलपाखरं मुंबईत आजही आहेत आणि गच्चीतल्या कढीपत्त्यावर अंडी घालून ती दिवस काढतात. आपण उद्यानांत फुलपाखरांसाठी घाणेरी आणि इक्झोरा लावतो, म्हणजे मोठ्यांच्या मधाची सोय करतो. अळ्यांच्या पानांची सोय कुणी पाहत नाही. एकाच ठिकाणी मधोमध तिरफळ आणि भोवती माकडलिंबू व किरमिऱ्याची झुडपं लावली, तर अळ्यांना बारमाही चारा मिळतो. किरमिरा सावलीतही तग धरतो. शिवाय झुडपांच्या या कड्यामुळे लहान मुलं काटेरी खोडापर्यंत पोचत नाहीत.

यावरून जागेचा मुद्दा निघतो. तिरफळ पदपथावर लावू नका, ही आमची ठाम विनंती आहे. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर काटे असलेलं खोड वर्दळीच्या पदपथावर चालणार नाही. वर्षभरात तक्रारी येतील, मग कुणीतरी पहारीने काटे खरवडेल, साल सोलली जाईल आणि त्या जखमांतून झाड कुजेल. शाळेच्या पटांगणाची कडा, खेळण्यांजवळची जागा, वाहनतळ हीही नकोत. भरावाच्या जमिनीवर, खाडीलगत, जिथे भरतीचं खारं पाणी खालून चढतं तिथेही नको. लिंबू कुळातल्या झाडांच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. बुंध्याशी डिंक येतो, साल काळी पडते आणि वरून पानं पिवळी व्हायला लागेपर्यंत खाली मुळं गेलेली असतात.

त्याला मानवतात निचऱ्याचे उतार. आरे, पवई, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या भागांतल्या टेकड्यांचे पायथे आणि मोठ्या उद्यानांच्या मागच्या कडा या योग्य जागा. शहरातल्या लोकांना झाड ओळखता यावं म्हणून भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात लिंबू कुळाचा एक वाफा करावा, असंही सुचवतो. बेल, कवठ, कढीपत्ता, कुंती, माकडलिंबू, किरमिरा आणि मागे तिरफळ, प्रत्येकापुढे मराठी पाटी. बेल आणि कवठ एकाच कुळातले आहेत, हे कळल्यावर माणूस पान उजेडाला धरून पाहतोच.

मियावाकी पद्धतीच्या वनांविषयी वेगळं लिहावं लागेल, कारण 2020 पासून महापालिकेने अशी बरीच वनं उभी केली आहेत. त्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं येतात. तिरफळाला डोक्यावर ऊन लागतं. दाटीत ते काठीसारखं उंच सुटतं, खोड भरत नाही आणि पहिल्या जोरदार वादळात वाकतं. शिवाय त्या गर्दीत निंदणी करणाऱ्या मजुरांच्या हाता-डोळ्यांना काटे लागतात, म्हणून मग तेच झाड आधी छाटलं जातं. मियावाकी वनात ते घालायचंच असेल तर कडेला घाला, एका बाजूने उजेड मिळेल असं. खरं तर ते मोकळ्या लागवडीतच शोभतं, दोन झाडांत 6 ते 8 मीटर अंतर ठेवून.

रोपं कुठून आणायची, हा सगळ्यात कठीण भाग. रोपवाटिकांत तिरफळ सहसा नसतं आणि त्याचं कारण बियांत आहे. बीचं कवच कठीण आणि त्यावर तेलाचा थर. पाणी आत शिरत नाही. नेहमीच्या पद्धतीने पेरली तर बहुतेक बिया महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात आणि माळी कंटाळून ट्रे उलटा करतो. बाजारातलं तिरफळ आणून त्यातल्या बिया पेरणं तर पूर्ण वाया. ते कडक उन्हात वाळवलेलं आणि कधीकधी गेल्या हंगामातलं असतं, त्यातला गर्भ मेलेला असतो.

बी झाडावरूनच घ्यावी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घोसातली काही फळं तडकायला लागली की. घोस सावलीत कागदावर पसरायचे. तीन-चार दिवसांत फळं उघडतात आणि हलकं चोळलं की बी सुटते. मग बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून बी रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी जाड वाळूबरोबर तळहातांनी चांगली रगडायची, काळी चकाकी जाऊन पृष्ठभाग मळकट दिसेपर्यंत. स्वच्छ पाण्याने तीन-चारदा धुवायची. पोकळ बी तरंगते म्हणून काढून टाकायची सवय सगळ्यांना आहे, पण ती परीक्षा तेल काढल्यानंतरच घ्या. आधी घेतली तर तेलामुळे भरलेली बीही तरंगते आणि चांगलं बियाणं फेकलं जातं. हे फार वेळा होतं.

पेरणी लगेच करावी, बी साठवून ठेवू नये. निम्मी जाड वाळू, पाव भाग लाल माती, पाव भाग चांगलं कुजलेलं पानखत. एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी. माध्यम ओलसर राहील इतकंच पाणी, तेही झारीने. उगवण एकाच वेळी होत नाही. काही बिया महिना-दीड महिन्यात येतात, काही पुढचा पावसाळा पडल्यावर. म्हणून ट्रेवर तारीख लिहून तो निदान वर्षभर ठेवायचाच, असा लेखी नियम रोपवाटिकेत हवा. चार खऱ्या पानांवर रोप पिशवीत हलवावं. त्या वेळी सोटमूळ वाकलं तर पुढे झाड उतारावर उभं राहत नाही, म्हणून पिशवी उंच घ्या, 8 बाय 12 इंचांची तरी.

बीपासून केलेल्या रोपांत आणखी एक अडचण आहे. तिरफळाची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. फळ फक्त मादीला धरतं, आणि रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत पानावरून, काट्यावरून, कशावरूनच सांगता येत नाही. त्याला काही वर्षं जातात. गावाकडे माणूस फुललेलं जास्तीचं नर झाड सरळ तोडतो. मुंबईत तसं करता येणार नाही, करूही नये, कारण 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली प्रत्येक तोडीला तुमचीच परवानगी लागते. म्हणजे आज एखाद्या उद्यानात दहा रोपं लावली आणि त्यात सात नर निघाले, तर ती जागा कायमची अडली. उलट बाजूने, एकुलतं एक मादी झाड लावलं आणि जवळपास नर नसला तर तेही वांझ राहण्याची शक्यता मोठी.

यावर उपाय कलमाचा. फळणाऱ्या मादी झाडाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, 12 ते 15 सेंटिमीटर लांबीची काडी निवडायची. आठवडाभर आधी तिची पानं देठाचा तुकडा ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. काटे अंगठ्याने बाजूला दाबले की सुटतात, कारण ते सालीवर बसलेले असतात, लाकडात रुतलेले नसतात. सुरीने मात्र खरवडू नयेत. तितक्याच जाडीच्या बीच्या रोपावर 3 ते 4 सेंटिमीटरची पाचर बसवून मृदुकाष्ठ, म्हणजे कोवळ्या लाकडावरचं, कलम करावं, पट्टीने घट्ट बांधावं आणि वर लहान प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घालावी. कोवळी पालवी पिशवीला टेकली की ती काढायची. आंब्या-काजूची कलमं बांधणारे कोकणातले कारागीर हे काम जाणतात, त्यांना बोलवावं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचाही सल्ला घ्यावा. लागवडीत सात-आठ मादी कलमांमागे एक नर कलम हा सुरुवातीचा हिशेब ठीक राहील. सगळ्या काड्या एकाच झाडाच्या मात्र नकोत. निदान पाच-सहा वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या हव्यात, नाहीतर एका रोगात सगळी एकदम जातील.

याच 1975 च्या अधिनियमात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात. भरपाईची झाडं उंच हवीत, हा आग्रहही रास्त आहे. पण रोपवाटिकेत तयारच नसलेलं देशी झाड ऐन जूनमध्ये उंच मिळणार कुठून? मग ठेकेदार जे भराभर वाढतं तेच आणतो. तिरफळाचं रोप पुरुषभर उंचीचं व्हायला रोपवाटिकेत दोन-तीन वर्षं लागतात. म्हणूनच मागणी आत्ता नोंदवायला हवी, लागवडीच्या वर्षी नव्हे.

रोपं बाहेरून घेतली तर ताब्यात घेताना तपासणी करा. मागणीपत्रावर शास्त्रीय नाव लिहा, नाहीतर त्रिफळा समजून हिरडा-बेहड्याची रोपं येतात. काटेरी खोडामुळे काटेसावर आणि पांगारा यांच्याशीही गल्लत होते. सावरीचं पान हाताच्या पंजासारखं पसरलेलं, पांगाऱ्याचं तीन पर्णिकांचं. पानावरून महारुखाचं रोप तिरफळासारखं वाटू शकतं, पण त्याला काटा नसतो आणि पान चुरडल्यावर लिंबाचा वास येत नाही. वास हीच शेवटची खूण. प्रत्येक गठ्ठ्यातल्या दहांपैकी एका रोपाचं पान चुरडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. खड्डा 60 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. मुरूम लागला तर तळ पहारीने फोडून घ्या, नाहीतर खड्ड्याचं हौद होतं आणि रोप बुडून मरतं. तीन भाग माती, एक भाग कुजलेलं खत. ताजं शेण नको. बुंधा आसपासच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं वर राहू द्या आणि माती खोडाला चढवू नका. आळं खोडापासून हातभर लांब करा. पहिले दोन उन्हाळे, जानेवारी ते मे, आठवड्याला एकदा 10 ते 15 लिटर पाणी आणि आळ्यात वाळक्या पानांचं आच्छादन. ती पानं जाळू नयेत, हे झाडूकाम करणाऱ्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

ज्या कारणाने जिवंत झाडं उपटली जातात, ते असं. तिरफळ पानगळीचं आहे. कोरड्या ऋतूत ते पूर्ण निष्पर्ण होतं आणि काटेरी काडी तेवढी उभी राहते. पाहणीला आलेला माणूस "मृत" अशी नोंद करतो आणि त्या जागी दुसरं रोप बसतं. नोंद करण्याआधी नखाने साल किंचित खरवडून पाहावं. आत हिरवं आणि वासाचं असेल तर झाड जिवंत आहे. तिरफळाची मृत-जिवंत मोजणी उन्हाळ्यात करूच नये, जुलैमध्ये करावी. नोंदवहीत झाडाच्या नावापुढे "पानगळ" असा एक रकाना घातला तर हा गोंधळ सावर, पांगारा, सगळ्यांच्याच बाबतीत टळेल.

आणि फवारणी. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी पानावर दिसली की कीटकनाशकाचा पंप बाहेर येतो. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाल्यावर हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते. जमिनीत रुजलेल्या झाडाचं ती काही बिघडवत नाही, पानं परत फुटतात. रोपवाटिकेतलं वीतभर रोप मात्र एक अळी एका दिवसात बोडकं करू शकते. म्हणून पहिलं वर्ष रोपं कीटकजाळीखाली ठेवा आणि चुकून आत आलेल्या अळ्या उचलून बाहेरच्या मोठ्या झाडावर सोडा. लागवडीच्या जागी लिंबू कुळातल्या कुठल्याही झाडावर फवारणी करायची नाही, अशी अट देखभालीच्या निविदेतच लिहावी. पाने वळवणारी नागअळी किंवा खवले कीड फार झाली तर ती फांदी छाटून टाकावी. छाटणाऱ्याला चामडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा द्यावा. काट्याची जखम खोल जाते आणि चिघळते.

फळं धरल्यावर ती कुणाची, हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा. उंच आणि काटेरी झाडावर चढता येत नाही, म्हणून घोसांसाठी आख्खी फांदी तोडून खाली पाडण्याचा मोह होतो आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या बाजूला फळ येत नाही. लांब बांबूला आकडी बांधून घोसाचं देठ तेवढं कापावं, खाली चादर धरावी. हे काम वॉर्डातल्या महिला बचत गटाकडे द्यावं. मुंबईचं ऑक्टोबरचं ऊन वाळवणाला उत्तम आहे. तीन-चार दिवसांत फळं तडकतात, चाळणीने बी वेगळी होते आणि टरफलं घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर टिकतात. बी नीट काढलेल्या तिरफळाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. बी दाताखाली कचकचते आणि वाटली गेली तर कडवट लागते. म्हणून तर जाणती बाई तिरफळ वाटणात घालत नाही, नुसतं ठेचून उकळत्या आमटीत वरून सोडते. पेरणीसाठीचे घोस मात्र या वाळवणात मिसळू नयेत, ते आधीच वेगळे काढून सावलीत ठेवावेत.

आमची मागणी ठोस आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतले फळणारे मातृवृक्ष निवडून, मालकांच्या संमतीने बी गोळा करावी. महापालिकेच्या एका रोपवाटिकेत फक्त लिंबू कुळातल्या देशी झाडांसाठी वाफे राखावेत आणि त्यांना एक कायमचा माळी द्यावा, ठेकेदाराबरोबर दरवर्षी बदलणारा नव्हे. पुढच्या वर्षी कलमं बांधावीत. पहिली लागवड तीनच ठिकाणी करावी, प्रत्येक ठिकाणी दहा-बारा झाडं, आणि त्यांचा लेखाजोखा तीन वर्षं जाहीर ठेवावा. तिथे काय जगलं ते पाहूनच पुढचा आकडा ठरवावा.

बी धुण्यापासून कलम बांधण्यापर्यंतचं काम आपल्या माळ्यांना प्रत्यक्ष दाखवायला आम्ही विनामोबदला येऊ. रोपवाटिका आणि वार आपण कळवावा. फक्त ते ऑक्टोबरच्या आत व्हावं, कारण तडकलेल्या फळातली बी झाडाखाली पडली की मुंग्या आणि पाखरं ती फार दिवस ठेवत नाहीत.

आपले,
देशी झाडांची रोपं तयार करणारे काही मुंबईकर